तू म्हणायचं व्याकरण

“तू कुणाला म्हणतेस गं? अं? तू कुणाला?”

धाकटे मालक बाकावरून उठून उभे राहिले होते. बोट माझ्या नाकापासून चार बोटांवर. आवाज असा, की खिडकीतली कबुतरं उडाली ती माझ्या अंदाजानं थेट हरिपूरला जाऊन बसली. सांगलीतल्या एका कॉलेजचा दुसरा मजला, रविवारची सकाळ, विद्यापीठाचा इटालियन भाषेचा प्राथमिक वर्ग. आम्ही चौदा जण. फळ्यावर मॅडमनी टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं एकच वाक्य. तू कोमे ती क्यामी? म्हणजे, तुझं नाव काय?

प्रत्येकानं शेजारच्याला हा प्रश्न विचारायचा, असं मॅडमनी सांगितलं होतं. डॉक्टरांच्या मुलीनं वकिलाच्या मुलाला विचारला. वकिलाच्या मुलानं द्राक्षवाल्या व्यापाऱ्याला विचारला. व्यापाऱ्यानं घसा खाकरून मला विचारला. माझ्या शेजारी होते आमच्या मोज्यांच्या कारखान्याचे धाकटे मालक. मी त्यांच्याकडं वळले आणि विचारलं.

कुणाला वाटेल, मुद्दाम केलं. नाही. पहिल्या वेळी तरी नाही.

आता यातली गंमत सांगते. इटालियनमध्ये ‘तू’ म्हणजे तूच. आपलंच. तेच तोंड, तीच दाताला टेकलेली जीभ, तोच अर्थ. पण इंग्रजी शाळेत शिकलेल्या त्या बारा-तेरा जणांना ते जमत नव्हतं. पहिले दोन रविवार सगळा वर्ग आगगाडीसारखा ‘टू टू’ करत होता. मॅडम घसा सुकेस्तोवर सांगायच्या, टू नाही, तू. मला कुणी सांगावं लागलं नाही. त्यामुळं झालं काय, की त्या सगळ्या टू-टूमध्ये माझं एकटीचंच खरंखुरं तू होतं. ते जाऊन बरोबर बसलं.

मॅडम धावत आल्या. वाटलं, सांगतील की अहो, हा धडा आहे. त्या म्हणाल्या, “बसा हो, बसा. ही नवीन आहे.”

नवीन. इटालियन काय बाकीच्यांच्या आजोळची भाषा होती?

मग माझ्याकडं वळून, हळू आवाजात, लहान मुलाला औषध पाजावं तशा त्या बोलल्या. इटालियनमध्ये मानाचा एक वेगळा शब्द आहे, लेई. आपण म्हणतो ना तुम्ही, तसा. तो खरं तर पुढच्या धड्यात आहे. पण तू आत्तापासूनच यांना, आणि वर्गात सगळ्यांनाच, लेई म्हणत जा. आणि धाकट्या मालकांना म्हणाल्या, तुम्ही हिला तू म्हणा, ते चालतं.

त्या दिवसापासून वर्गात दोन व्याकरणं सुरू झाली. एक तेरा जणांचं. एक माझं.

मी तिथं गेले कशी, ते सांगायला पाहिजे. मी कोरेगाव तालुक्यातली. गाव उसाचं, पण आमच्या वाट्याला उसाचं पाचट. बारावीपर्यंत रेटलं आणि कुपवाडला मावसबहिणीकडं आले. मावसबहीण म्हणजे शालन. नवरा निघून गेलेला, दोन पोरं, आणि मोज्यांच्या कारखान्यात नोकरी. तिनं मला चिकटवलं. ते ब्याण्णव-त्र्याण्णव साल. बाहेरच्या मशिनी आणायची सगळ्यांनाच हौस आली होती, तशा आमच्या मालकांनी इटलीहून मोजे विणायच्या बारा मशिनी आणल्या. बरोबर एक तांबडा माणूस आला. आठ दिवस हातवारे करून मशिनी बसवल्या, आमच्या सांगलीचं भडंग पोतंभर खाल्लं आणि गेला. पोतंभर म्हणजे, मी बघितलं तेवढं तरी अर्धं पोतं होतं.

माणूस गेला आणि मशिनी इटालियन बोलायला लागल्या. प्रत्येकीला छातीवर एक काचेची पट्टी. काही बिघडलं की लाल दिवा लागायचा आणि पट्टीवर अक्षरं यायची. पहिल्यांदा आलं तेव्हा मी मोठ्यांदा वाचलं, “अगो रोट्टो.”

शालन म्हणाली, “बाईमानसाला हाक मारतंय बघ. अगो, रोटी दे म्हनतंय.”

दार उघडून बघितलं तर सुई तुटलेली. दुसऱ्या दिवशी आलं, फिलो रोत्तो. बघितलं तर दोरा तुटलेला. म्हणजे रोत्तो म्हणजे तुटला, हे आम्हाला पुस्तक न उघडता कळलं. मांका ओल्यो आलं की तेल संपलं. पोर्ता आपेर्ता म्हणजे दार उघडं राहिलंय. अशा आम्ही बारा बायका, एकीनंही मॅन्युअल बघितलं नव्हतं, पण सहा महिन्यांत लाल दिव्याच्या उजेडात तीसेक शब्द शिकलो. इंजिनीयर साहेब मॅन्युअल उशाला घेऊन झोपायचे आणि मशीन अडलं की शालनला हाक मारायचे.

अशात नोटीस लागली. विद्यापीठ सांगलीत इटालियनचा वर्ग सुरू करतंय. कंपनीच्या मदतीनं. कंपनीतला जो कोणी बारावी पास असेल आणि ही परीक्षा पास होईल, त्याला मशीन इन्चार्ज करू आणि तीन महिने इटलीला शिकायला पाठवू. शेवटी ठळक अक्षरात, ‘कोणीही अर्ज करू शकतो.’

मी ती नोटीस इतक्या वेळा वाचली, की कागदाला माझ्या डोळ्यांची भोकं पडली असतील. कोणीही. मी शालनला विचारलं, कोणीहीमध्ये आपण येतो का? ती म्हणाली, वाचता येणारी तू हायस, तूच बघ. मी बघितलं. अर्ज टाकला. नंतर कळलं की नोटीस लिहिणाऱ्याच्या मनात कोणीही म्हणजे धाकटे मालक होते. थोरल्या मालकांचे पुतणे. त्यांचं नाव टाकून नोटीस लावणं बरं दिसलं नसतं, म्हणून कोणीही.

इन्चार्ज झाले तर मी मशीनची. मशीन माझं. आमच्या सात पिढ्यांत कुणी कशाचं इन्चार्ज झालं नव्हतं. साधं पाण्याच्या पाटाचंसुद्धा नाही. मला इटली बघायची होती का? खोटं कशाला बोलू, होती. विमानात बसले तर खिडकीतून कोरेगावावर थुंकायचं असंही मी शालनला सांगून ठेवलं होतं. पण खरं म्हणजे मला तो पांढरा कोट पाहिजे होता. इन्चार्जचा. खिशाला पेन असलेला.

म्हणून मी तो अपमान गिळला. मोठा नव्हता तो, मी स्वतःला सांगितलं. एका शब्दाचा तर होता. आणि आमच्या घरी तो शब्द काय नवीन होता? आमच्या गावात बागायतदाराचं पाच वर्षांचं पोरगं, चड्डीची नाडी सुटलेली, नाक गळतंय, माझ्या साठीच्या बापाला नाव घेऊन हाक मारायचं. “ए, तू हिकडं ये. माझा चेंडू काढून दे.” आणि माझा बाप, मिशा पांढऱ्या, गटारात उतरायचा. “जी, धाकलं सरकार. आलो.” चेंडू धुऊन द्यायचा. मी दारात उभी राहून बघायचे. मला त्या पोराचा राग नाही आला कधी. मला त्या ‘जी’चा राग यायचा. तो बापाच्या तोंडातून असा यायचा, जसा दुसऱ्याच्या तोंडातून श्वास येतो.

आणि आता बघा, मी तोच ‘जी’ इटालियनमध्ये शिकत होते.

चार महिने. दर रविवारी कुपवाडहून सायकल मारत यायचं. वर्गात सगळ्यांत मागं. जोड्या पाडल्या की हॉटेलातली मोलकरीण मी. दुकानातली झाडूवाली मी. एकदा नाटुकलं बसवलं, त्यात राजवाडा होता, राणी होती, डॉक्टर होते, पोपटसुद्धा होता. पोपटाला चार वाक्यं होती. मला दोन. “सी, सिन्योरे. सुबितो, सिन्योरे.” हो साहेब, लगेच साहेब. मॅडम म्हणाल्या, तुझे उच्चार वर्गात सगळ्यांत चांगले आहेत. मोलकरीण खरी वाटते.

मॅडम वाईट नव्हत्या. हे लिहिणं भाग आहे. आठ वर्षं नवऱ्याबरोबर इटलीत राहिलेल्या, गोड बोलायच्या, एकदा मला पुस्तकाची स्वतःची झेरॉक्स प्रत दिली. एकदा जिन्यात मी त्यांना विचारलं, की मॅडम, पुस्तकात तर चहा देणाऱ्या पोराला पण गिऱ्हाईक लेई म्हणतंय. पान अठरा. मग मला का तू? त्या थांबल्या. पायरीकडं बघत म्हणाल्या, “अगं, तिकडचं वेगळं. आणि हा वर्ग त्यांच्या कंपनीमुळं चालतो, हे तुला माहितीय.”

माहिती होतंच. पण पान अठरा खोटं होत नव्हतं.

मीही काही कमी नव्हते. लेईची एक भानगड मला पुढच्याच धड्यात कळली. आधी मला वाटायचं, मॅडम लई म्हणतायत, आपलं लई भारीमधलं लई. लेई ए ब्रावा म्हणजे लई ब्राव्हो. पण नाही. लेई म्हणजे मूळ अर्थानं ‘ती’. इटालियनमध्ये मान द्यायचा तर समोरच्याला ‘ती’ म्हणायचं. मिशीवाला बाप्या असला तरी ती. धाकटे मालक शब्दाच्या मुळात जाणारे नव्हते. त्यांना मान मिळाल्याशी मतलब. आणि मी चार महिने दर रविवारी, मान खाली घालून, गोड आवाजात, त्यांना विचारत होते, ती कशी आहे? ती कुठं चालली? तिनं जेवण केलं का? ते मान हलवायचे. सोमवारी कारखान्यात आम्ही बारा बायका मशिनीच्या आडोशाला इतक्या हसायचो, की एकदा हसण्यानं मशीन थांबलं. खरंच थांबलं. शालन साक्षीला होती.

पण ते हसणं सोमवारचं. रविवारी वर्गात बसले की हसू यायचं नाही. कारण हळूहळू मला दिसायला लागलं, की वर्गातले सगळे एकमेकांचे दोस्त व्हायला लागलेत. तू-तू करत. डॉक्टरांची मुलगी आणि व्यापारी चहाला जायचे. भाषाच तशी होती, दोस्तीची. माझ्या वाट्याची भाषा तेवढी वेगळी. त्या पहिल्या वेळेनंतर मी चार महिन्यांत एका माणसालाही तू म्हणाले नव्हते. मशिनीला सोडून.

तोंडी परीक्षा. पुण्याहून परीक्षक आले. म्हातारे, गोरे, इटलीचेच, कानावर केसांचे पुंजके. मॅडम त्यांच्या शेजारी यादी घेऊन बसलेल्या. दोघांदोघांना आत बोलवायचं. यादीत माझ्या पुढचं नाव धाकट्या मालकांचं, म्हणून जोडी आमची. आत जाताना त्यांनी मला फक्त बघितलं.

म्हातारा उठून उभा राहिला. आधी मला वाटलं, त्याला बाहेर जायचंय. तो म्हणाला, “प्रेगो, सिन्योरा. सी अक्कोमोदी.” या, बाई. आपण बसा.

मी मागं वळून बघितलं. कोण बाई आल्या म्हणून. मागं भिंत होती.

लेई. माझ्यासाठी. चोवीस वर्षांच्या जन्मात पहिल्यांदा कुणीतरी मला बसा म्हणालं, आणि ते म्हणणारा माणूस परक्या देशाचा. मला आनंद झाला असं कुणाला वाटेल. नाही झाला. इतकं सोपं होतं हे? एवढा एक शब्द होता, आणि आपल्या माणसांच्या तोंडून तो निघत नव्हता?

त्यानं प्रसंग दिला. दोन जुने वर्गमित्र स्टेशनवर भेटतात. बोला.

मी नेहमीच्या सवयीनं मान खाली घातली आणि म्हणाले, “कोमे स्ता?” आपण कसे आहात?

म्हातारा मान हलवून हसला. “नो, सिन्योरा. मित्र आहेत. मित्राला तू.” आणि पेन उचललं. चुकीची खूण करायला.

खोली एवढीशी. एक पंखा. धाकट्या मालकांचे डोळे माझ्यावर. मी मॅडमकडं बघितलं. त्यांनी यादीत डोकं घातलं, जसं त्या यादीत विहीर होती. लेई म्हणाले तर मार्क जाणार, परीक्षा जाणार, कोट जाणार. तू म्हणाले तर परीक्षा राहणार आणि बाकी सगळं जाणार. त्याच क्षणी मला कळलं, की दोन्हीकडून कोट जाणारच होता. तो माझ्या मापाचा शिवलेलाच नव्हता. मग घाबरायचं कशाला?

मी मान वर केली.

“कोमे स्ताय?” कसा आहेस तू?

धाकट्या मालकांच्या कानशिलावरची शीर टरटरून फुगली. पण परीक्षक समोर. ते म्हणाले, बेने. बरा.

मला फार शब्द येत नव्हते. तक्रारीचा एकही नाही. अन्याय, हक्क, लाज, असले शब्द पुढच्या वर्षाच्या पुस्तकात होते. माझ्याजवळ पहिल्या धड्याची क्रियापदं होती. काम करणे, खाणे, झोपणे, बोलणे. तीच मी चालवली. एकेक, सावकाश, प्रत्यय नीट लावून.

“यो लावोरो. तू मांजी.” मी काम करते. तू खातोस.

“यो लावोरो. तू दोर्मी.” मी काम करते. तू झोपतोस.

“तू पार्ली. यो लावोरो.” तू बोलतोस. मी काम करते.

म्हातारा पहिल्यांदा हसला. दुसऱ्यांदा हसला नाही. तिसऱ्यांदा त्यानं चष्मा काढून माझ्याकडं बघितलं. व्याकरणाची एक चूक नव्हती. त्यानं धाकट्या मालकांना हातानं खूण केली, उत्तर द्या. त्यांना ‘मी काम करतो’ एवढंही जुळवता येईना. ते “यो… यो…” करत राहिले, जसं बैलाला थांबवावं.

मी बाहेर आले. जिन्यात जाऊन बसले. बाकीच्या बाबतीत मी फुगवून सांगते, हे मला ठाऊक आहे. पण ती तीन वाक्यं बोलले तशीच लिहिलीत.

निकाल लागला. मी वर्गात पहिली. धाकटे मालकही पास. कसे, ते विद्यापीठाला ठाऊक. इटलीला ते गेले. पांढरा कोट त्यांच्या मापाचा निघाला. माझं प्रमाणपत्र टपालानं आलं, त्यावर माझ्या नावापुढं श्रीमती होतं. ते मी ट्रंकेत टाकलं. सांगली-मिरज-कुपवाडात इटालियन येणाऱ्या बाईला कुणाचंही काही काम नव्हतं.

आणि नवी नोटीस लागली. महिला कामगारांच्या सुरक्षेसाठी त्यांना मशीनवरून कमी करून पॅकिंगला घेत आहोत. एकीला नाही. बाराच्या बारा. ज्या हातांनी सुया बदलल्या, त्या हातांनी आता मोज्यांच्या जोड्या लावून त्यावर चिकटपट्टी मारायची. पॅकिंग म्हणजे रोजंदारी. आज या, उद्या येऊ नका. मशीनवर पुरुष आले. लाल दिवा लागला की ते मशिनीच्या पाठीवर थाप मारायचे.

तीन महिन्यांनी थोरल्या मालकांनी मला केबिनमध्ये बोलवलं. बसा नाही. उभीच. पण आवाज मऊ. म्हणाले, “तू हुशार आहेस, मला कौतुक आहे. पण कुठं काय बोलावं, हे तू शिकली नाहीस. धाकटे परत आलेत. सगळ्यांसमोर गेटवर त्यांची माफी माग. तुझ्या पोरी उद्या मशीनवर.”

काचेतून पॅकिंगचं टेबल दिसत होतं. अकराही जणी माना वर करून इकडं बघत होत्या. शालन सगळ्यांत पुढं.

माझ्या तोंडात ‘जी’ आला. खोटं कशाला सांगू. बापाकडून आलेला, तयार, जिभेच्या शेंड्यावर. मी तो तिथंच दाताखाली धरला. आणि म्हणाले, “नाही.”

‘नाही मालक’ नाही. ‘न्हाई जी’ नाही. नुसतं ‘नाही’. आमच्या घराण्यातून मालक न लावलेला ‘नाही’ त्या दिवशी पहिल्यांदा बाहेर पडला. त्याला शेपूट नव्हती, म्हणून तो मलाच उघडा-बोडका वाटला. थोरल्या मालकांना ऐकू आला नसावा, कारण त्यांनी परत विचारलं. मी परत सांगितलं.

बाहेर आले तर शालन दाराशीच. तिनं विचारलं, काय ठरलं. मी सांगितलं. माफी मागणार नाही. आज नाही, उद्या नाही, धाकटे मालक म्हातारे होऊन त्यांचे दात पडले तरी नाही. जो मला तू म्हणेल त्याला मी तू म्हणणार, मग तो मालक असो नाहीतर मालकाचा देव. यात पोटाला चिमटा बसणार, मला दिसतंय. तुम्हालाही बसणार, तेही दिसतंय. तरी नाही.

शालननं सगळं ऐकून घेतलं. हाताला चिकटलेली पट्टी सोलून काढली, तिची गोळी केली आणि खाली टाकली.

“नगं मागू,” ती म्हणाली. “पन उद्यापास्नं डबा खायाला माझ्याजवळ बसू नगं.”